स्कूबाची विंग किती किलोची घ्यावी? आधी शिसं मोजा, मग विंग बघा

अंदमानात किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) झालं, पुढे अॅडव्हान्स्ड झालं, पंधरा-वीस डाइव्ह झाल्या की बऱ्याच जणांना स्वतःचं सामान घ्यावंसं वाटायला लागतं. मास्क, फिन्स, कॉम्प्युटर इथपर्यंत काही अडत नाही. मग कोणीतरी सांगतं की हवा भरायचं जॅकेट घेऊ नकोस, बॅकप्लेट आणि विंग घे, आणि तिथे गाडी अडते, कारण विंग स्मॉल-मीडियम-लार्ज अशा मापात येत नाही. ती येते किलोत, आणि जास्त करून पाउंडात. १८, २५, ३०, ४०, ६०. यातलं आपलं कुठलं हे कळत नाही आणि मग मनात येतं की मोठीच घेऊ, जास्त उचलेल म्हणजे जास्त सेफ. मी पण हेच केलं होतं आणि पाण्याखाली त्याचा मला चांगलाच त्रास झाला, तो पुढे सांगते. आधी हा आकडा नक्की कशाचा असतो ते बघू.

ज्यांनी विंग अजून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाठीला स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची एक वाकवलेली पट्टी असते, ती बॅकप्लेट. तिच्यातून जाड पट्ट्याचा हार्नेस ओवलेला असतो जो खांद्यावरून आणि कमरेला येतो. मागे टाकी, आणि प्लेट आणि टाकी यांच्या मध्ये एक हवेची पिशवी, ती विंग. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या इन्फ्लेटरच्या बटणाने त्यात हवा भरायची, आणि काढायला तोच पाइप वर धरायचा किंवा मागे कमरेजवळच्या डंप व्हॉल्व्हची दोरी ओढायची. जॅकेटमध्ये हवा अंगाभोवती असते, इथे फक्त पाठीवर. फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्या लोकांनी ही पद्धत वाढवली, कारण त्यांना आडवं राहून तळाचा गाळ न उडवता पुढे जायचं असायचं, आणि आता साध्या रीफ डाइव्हिंगमध्येही ती सगळीकडे दिसते.

तुमच्यापैकी जे गावी विहिरीत पोहायला शिकलेत त्यांना विंग समजायला दोन मिनिटं पण लागणार नाहीत. पाठीला डबा बांधून पोहायला शिकवायचे ना, पत्र्याचा झाळलेला डबा, त्याआधीच्या पिढीत सुकवलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड. काका पोर बघून डबा निवडायचे. लहान डबा असला तर पोर नाकातोंडात पाणी घेतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण डबा फार मोठा असला तर काय होतं? पाठ वर उचलली जाते, पोर पालथं पडतं आणि तोंड पाण्यात जातं. विंगचं नेमकं हेच आहे. कमी पडली तर त्रास, आणि जास्त झाली तरी त्रास, फक्त दुसऱ्या प्रकारचा.

आता तो आकडा. शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व आठवा, वस्तू जितकं पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाएवढं बळ तिला वर ढकलतं. एक लिटर हवेने भरलेली पिशवी एक लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे गोड्या पाण्यात एक किलोची उचल आणि समुद्रात साधारण १.०२५ किलो. यालाच सगळे लिफ्ट म्हणतात. ३० पाउंडची विंग म्हणजे १३.६ किलो लिफ्ट, म्हणजे पूर्ण फुगवली की आत जवळपास सव्वातेरा लिटर हवा मावते. २० पाउंड म्हणजे ९ किलो, ४० म्हणजे १८ किलो. एवढंच गणित, त्यात गूढ काही नाही.

मग प्रश्न असा की मला किती किलो उचलायचंय, आणि इथे जवळजवळ प्रत्येकाची एक चूक होते. आपल्याला वाटतं की विंग आपल्याला उचलते, म्हणून ८० किलोच्या माणसाला मोठी आणि ५० किलोच्या बाईला छोटी. तसं नाहीये. आपलं शरीर पाण्यात जवळपास न तरंगणारं न बुडणारं असतं, थोडं इकडेतिकडे, आणि ते इकडेतिकडे आपण अंगावर शिशाची वजनं लावून बरोबर करून घेतो. विंगने फक्त डाइव्हमध्ये जे बदलतं तेवढंच भरून काढायचं असतं. बदलतात दोनच गोष्टी, टाकीतली हवा आणि अंगातला सूट.

हवेला वजन असतं हे पटकन खरं वाटत नाही पण एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम भरते. आपल्याकडे जी नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी मिळते, एस-८० म्हणतात ती, ती आतून ११.१ लिटरची असते आणि २०० बार दाबाला भरली तर तिच्यात २२०० लिटर हवा कोंबलेली असते. २२०० गुणिले १.२, म्हणजे २.६-२.७ किलो. ही हवा आपण श्वासावाटे संपवतो आणि बुडबुड्यांतून सोडून देतो, म्हणजे डाइव्हच्या शेवटी आपण सुरुवातीपेक्षा दोन-अडीच किलोने हलके झालेलो असतो. म्हणून तर एस-८० टाकी भरलेली असताना समुद्रात पाऊण किलोने बुडते आणि रिकामी झाली की दोन किलोने तरंगते. डाइव्हच्या शेवटी, सेफ्टी स्टॉपला (वर यायच्या आधी पाच मीटरवर थोडं थांबतात ते), आपण हलके होऊन वर जाऊ नये म्हणून शिसं त्या क्षणासाठी मोजायचं असतं, आणि मग साहजिकच सुरुवातीला आपण हवेच्या वजनाएवढे जड असणार. ते विंगने पेलायचं.

दुसरं सूट. वेटसूटचं निओप्रीन म्हणजे रबरात अडकलेले बारीक बुडबुडे, आणि बॉइलचा नियम त्यांनाही लागू आहे. १० मीटरवर दाब दुप्पट, बुडबुडा निम्मा. २० मीटरवर एक तृतीयांश, ३० मीटरवर पाव. निओप्रीन अगदी फुग्यासारखं दबत नाही पण हिशोबाला एवढं पुरतं. ३ मिलीचा फुल सूट वर साधारण दोन किलो तरंगत असेल तर ३० मीटरवर त्यातली दीड किलो तरी गेलेली असते. ७ मिलीचा दोन थरांचा सूट असेल तर ही घट सहा-सात किलोपर्यंत जाऊ शकते, म्हणून थंड पाण्यातल्या लोकांचं आणि आपलं गणित वेगळं.

आता माझंच उदाहरण घेते, हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. पाणी २८ अंशांच्या आसपास, ३ मिलीचा सूट, एक एस-८०, स्टीलची प्लेट. सगळ्यात वाईट क्षण कुठला? डाइव्हची सुरुवात, टाकी पूर्ण भरलेली, आणि मी थेट ३० मीटरवर. हवेचे २.७, सुटाचे १.५, बेरीज ४.२ किलो. बस. तिथे मला विंगमध्ये सव्वाचार लिटरच्या आत हवा लागते. हे पहिल्यांदा कागदावर लिहून बघितलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता कारण माझ्याकडे तेव्हा १८ किलोची विंग होती.

पण एवढ्यावर थांबून पाच किलोची विंग घ्यायची नाही, अजून दोन क्षण मोजायचे राहिले आणि बहुतेक वेळा विंगचा आकडा तेच ठरवतात. एक म्हणजे पाण्याच्या वर थांबणं. बोट यायला वेळ आहे, लाटा आहेत, तोंड पाण्याबाहेर हवंय. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं आणि पाण्याबाहेर आलं की पाणी त्याला आधार देत नाही, तो आधार विंगला द्यावा लागतो. वर टाकी भरलेली असेल तर तिचे २.७. झाले सात-साडेसात. दुसरा क्षण म्हणजे सामान अंगावर नसताना ते पाण्यात एकटं तरंगलं पाहिजे. छोट्या बोटींवर हे रोज होतं, आधी पाण्यात सामान काढायचं, ते वर द्यायचं, मग आपण शिडी चढायची. त्यावेळी भरलेली टाकी पाऊण किलो खाली ओढते, पावणेतीन किलोची स्टीलची प्लेट पाण्यात २.३-२.४ किलो ओढते, श्वास घ्यायचा रेग्युलेटर एक किलो धरा, प्लेटवरच शिसं लावलं असेल तर ते दोन, टॉर्च वगैरे अर्धा. सहा-साडेसहा किलो. शिसं कमरेच्या वेगळ्या बेल्टवर असेल तर यातून तेवढे दोन कमी.

तिन्ही आकड्यांत मोठा आकडा साडेसात. त्यावर थोडी सवलत ठेवा, कधी जुना जड टॉर्च असतो, कधी कॅमेरा, कधी बडीला, म्हणजे सोबतच्या डाइव्हरला, आधार द्यावा लागतो. नऊ ते अकरा किलो, म्हणजे २० ते २५ पाउंडची विंग. भारतात, मालदीवमध्ये, थायलंडमध्ये एका टाकीवर डाइव्ह करणाऱ्या बहुतेकांचं उत्तर याच्या आसपास येतं, आणि ३० पाउंडची घेतली तरी चालतं, विशेषतः पुढेमागे १२ लिटरची स्टीलची टाकी वापराल असं वाटत असेल तर. त्याच्या वर जायला कारण लागतं आणि ते कारण 'असू दे जास्त' हे नसावं.

आता माझी नेत्राणीची गोष्ट. मुरुडेश्वरहून बोटीने जावं लागतं. मी एकाकडून ४० पाउंडची विंग सेकंड हँड घेतली होती, स्वस्त मिळाली म्हणून खूश होते. बोटीवर शिसं वाटणाऱ्याने विचारलं नाही किती, त्याने बेल्टवर आठ किलो घालून दिलं, आणि मीही विचारलं नाही कारण भाड्याच्या जॅकेटवर मला तेवढंच देत असत. पण भाड्याच्या जॅकेटला आतून फोम असतो, पॅडिंग असतं, ते स्वतःच तरंगतं, आणि माझ्या पाठीवर आता त्याऐवजी पावणेतीन किलोचं स्टील होतं. मला खरं लागत होतं दोन किलो. सहा किलो जास्त घेऊन मी खाली गेले, आणि खाली काहीच कळलं नाही, कारण मोठी विंग होती, बटण दाबलं, सहा लिटर जास्तीची हवा भरली, तरंगायला लागले. मोठ्या विंगचा मोठा धोका मला हाच वाटतो, ती तुमची चूक लपवते. छोटी विंग असती तर वरच लक्षात आलं असतं की काहीतरी चुकतंय.

परत येताना ते बाहेर आलं. १८ मीटरवर दाब २.८ बार, ५ मीटरवर दीड. माझ्या विंगमधली ती जास्तीची सहा लिटर हवा ५ मीटरपर्यंत येता येता अकरा लिटर होणार होती, म्हणजे पाच लिटर मला वाटेत काढत राहायला हवी होती, आणि ती निघेना. विंग रुंद, टाकी एकच, त्यामुळे विंगच्या दोन्ही कडा टाकीभोवती वर वळून बसल्या होत्या, भाजी भरून दुमडलेली चपाती असते ना तशा, आणि हवा त्या वळलेल्या कडांमध्ये अडकली. परदेशात याला टाको म्हणतात. मी अर्धवट आडवी, इन्फ्लेटर वर धरलाय, पण हवा पाइपच्या तोंडापाशी नाहीच, ती बाजूच्या घडीत. सहा मीटरपासून वर मला थांबता आलं नाही. सेफ्टी स्टॉप गेला. मला काही झालं नाही, पुढची डाइव्ह मी केली नाही, पण सतत श्वास सोडत वर येतानाचे ते काही सेकंद माझ्या लक्षात आहेत, आणि म्हणून मी नवीन लोकांना इतकं पोटतिडकीने सांगते की विंगच्या दुकानात जायच्या आधी शिसं बरोबर करून घ्या.

शिसं बरोबर करणं म्हणजे काय, तर डाइव्हच्या शेवटी, टाकीत ५० बार उरलेत, पाच मीटरवर किंवा त्याहून थोडं वर, विंग पूर्ण रिकामी करायची, हातपाय हलवायचे नाहीत, नेहमीसारखा श्वास. जागच्या जागी राहिलात तर बरोबर. खाली जायला लागलात तर पुढच्या वेळी अर्धा किलो काढा, वर जायला लागलात तर घाला. इन्स्ट्रक्टर किंवा बडी जवळ हवा, खाली सरकलात तरी अडचण नको अशी जागा हवी. दोन-तीन डाइव्हमध्ये आकडा सापडतो आणि तो वहीत लिहून ठेवायचा, कुठला सूट, कुठली टाकी, समुद्र की गोडं पाणी, सगळं. कारण पुण्या-मुंबईच्या स्विमिंग पूलमध्ये मोजलेला आकडा समुद्रात चालत नाही, समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड, म्हणजे तुम्ही आणि सामान मिळून ८० किलो असाल तर समुद्रात दोन किलो शिसं जास्त लागणार.

मालवण-तारकर्लीला जी पहिल्यांदाची डाइव्ह करवतात त्यात शिसं भरपूर घालतात, आणि तिथे ते ठीक आहे कारण इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो आणि तुम्ही तळाशी स्थिर राहणं त्याच्या सोयीचं असतं. तो आकडा स्वतःचा समजू नका एवढंच.

आता उलट बाजू, मोठी विंग खरंच कोणाला लागते. माझा मावसभाऊ लेस्टरला असतो आणि तो तिथून जवळच्या स्टोनी कोव्हला डाइव्ह करतो, जुनी दगडाची खाण आहे, पाणी भरलेली, पस्तीसेक मीटर खोल, हिवाळ्यात पाणी पाच-सहा अंशांवर येतं. त्याने माझा हिशोब वाचून फोन केला, ताई तुझ्या विंगमध्ये मी बुडेन. बरोबर होतं त्याचं. तो स्टीलच्या दोन १२ लिटरच्या टाक्या जोडून वापरतो, २३२ बारला. चोवीस गुणिले दोनशे बत्तीस, साडेपाच हजार लिटरच्या वर, म्हणजे नुसती हवाच साडेसहा किलोहून जास्त. अंगात ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा सूट, आत जाड कपडे, आणि त्या कपड्यांत अडकलेल्या हवेवर तो तरंगतो. ड्रायसूट फाटून पाणी आत गेलं तर ती हवा जाते, आठ-दहा किलोची उचल एकदम गेली असं धरा. साडेसहा आणि दहा, साडेसोळा. दोन भरलेल्या टाक्या, त्यांचे पट्टे, प्लेट, दोन रेग्युलेटर हे सगळं एकटं तरंगवायचं म्हटलं तरी पंधराच्या आसपास जातंच. म्हणून त्याच्याकडे ४५ पाउंडची, साधारण २० किलोची विंग आहे आणि ती त्याच्यासाठी मोठी नाहीये. (ड्रायसूटमध्ये शिरलेलं पाणी पाण्याखाली वजन वाढवत नाही, पाण्यात पाणी कसलं जड होणार, पण शिडी चढताना ते सगळं अंगावर येतं, तेव्हा जपायचं.)

त्याची विंग मला स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही, आणि त्याला कारण फक्त किलो नाही. दोन टाक्यांची विंग मुळात रुंद असते कारण मागे दोन टाक्यांची रुंदी असते. तीच एका टाकीमागे लावली की कडा वळतात, माझं झालं ते होतं. एका टाकीची विंग अरुंद, दोन टाक्यांची रुंद, किलो सारखे दिसले तरी आकार बघा. बाकी गोल डोनटसारखी आणि घोड्याच्या नालेसारखी असे दोन प्रकार असतात, डोनटमध्ये हवा खालून एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊ शकते, म्हणून मला डोनट आवडते, पण नालेच्या आकाराची वापरून उत्तम डाइव्ह करणारे लोक आहेत, यावर भांडायचं कारण नाही.

प्लेट स्टीलची की अॅल्युमिनियमची हाही विंगच्या हिशोबातलाच प्रश्न आहे. पोर्ट ब्लेअरच्या विमानात १५ किलो सामान म्हटल्यावर स्टीलची प्लेट टोचते, पण ती नेली की तिथे तेवढं शिसं कमी लागतं. फक्त एक बघा, सूट अगदी पातळ असेल, किंवा सूटच नसेल, आणि टाकी स्टीलची असेल, तर स्टीलच्या प्लेटने तुम्ही शिशाशिवायच गरजेपेक्षा जड होऊ शकता आणि मग काढून टाकायला अंगावर काहीच नाही. विंग फाटली, इन्फ्लेटरचा पाइप निखळला, असं कधीतरी होऊ शकतं. तेव्हा फिन मारत वर येता आलं पाहिजे. माझा सगळ्यात वाईट आकडा ४.२ किलो आहे, त्यातले दोन किलो बेल्ट सोडून कमी करता येतात, उरलेले सव्वादोन मी पोहत आणू शकते, हे मी पूलमध्ये करून बघितलंय. शिवाय रीलवर सोडायचा सिग्नलचा फुगा जवळ असतो, तोही काही किलो उचलतो.

विकत घेण्याआधी कोणाची तरी विंग एक दिवस मागून घ्या आणि पूलमध्ये न्या. पूर्ण जोडलेलं सामान, भरलेली टाकी, समुद्रात जेवढं शिसं प्लेटवर लावणार तेवढं लावून, विंग फुगवून पाण्यात सोडा, आत कोणी नको. टाकीचा व्हॉल्व्ह पाण्याच्या वर राहतोय का बघा. मग त्यावर एकेक किलो शिसं ठेवत जा आणि कितव्या किलोला ते बुडायला लागतं ते मोजा, म्हणजे तुमची सवलत किती आहे ते कळेल. नंतर ती घालून पाण्यात उभे राहा आणि पूर्ण फुगवा. पुढे तोंडावर ढकलले गेलात तर थोडी हवा काढा, मागे रेला, पाय थोडे पुढे घ्या. मी माझ्या २५ पाउंडवाल्या विंगमध्ये हे केलं तेव्हा अर्ध्याहून थोड्या जास्त हवेतच हनुवटी पाण्याच्या वर होती, आणि आत कोणी नसलेल्या सामानावर चार किलो ठेवल्यावरही व्हॉल्व्ह दिसत होता.